यंत्राला तुमचं वय कळत नाही, चेहरा कितीचा दिसतो एवढंच कळतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी २२ वर्षांची, मँचेस्टरला एमएस करते. एका चॅट अ‍ॅपने तिला कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायला सांगितला आणि १८ च्या आतली ठरवलं. मग पासपोर्टचा फोटो मागितला, तिने तो पाठवून दिला. उलट मेलबर्नमधला १५ वर्षांचा भाचा, नुकतीच मिसरूड फुटलेला, पहिल्याच झटक्यात १६ च्या पुढचा ठरला. यंत्राला वय खरंच कळतं का, पासपोर्ट दिला ते चुकलं का, आणि हे सगळं आपल्याकडेही येणार का, असं वडिलांनी विचारलं आहे.

मी बरीच वर्षं बँका आणि वित्तसंस्थांसाठी ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवायच्या यंत्रणा उभ्या करतो आणि त्यांची चाचणी घेतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओ केवायसीला परवानगी दिली, तेव्हापासून तर चेहरा हाच आमच्या कामाचा मुख्य ऐवज झाला. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी एक घोळ सोडवू. ‘चेहरा तपासणी’ या एका नावाखाली तीन वेगळी कामं चालतात. पासपोर्टवरचा फोटो आणि समोरचा माणूस एकच आहे का, हे पाहणं हे एक काम. ते यंत्राला आता चांगलं जमतं. समोरचा माणूस साधारण किती वर्षांचा दिसतो, हे दुसरं. यासाठी नाव-गाव लागत नाही, पण उत्तरही नुसता अंदाज असतो. तिसरं काम म्हणजे चेहऱ्यावरून माणसाचा स्वभाव, नियत, विश्वासार्हता ठरवणं. ते कोणत्याही यंत्राला जमत नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. तुमच्या मुलीच्या बाबतीत आधी दुसरं काम झालं, ते फसलं, आणि मग पहिलं करायला तिच्याकडून पासपोर्ट घेतला गेला.

वयाचा अंदाज बांधणारं मॉडेल शिकवताना त्याला लाखो चेहरे दाखवतात आणि प्रत्येकासोबत खरं वय सांगतात. त्वचा, जबडा, डोळ्यांभोवतीचा भाग यांची कोणती ठेवण कोणत्या वयाशी जुळते, ते मॉडेल स्वतःच हुडकतं. पुढे नवा चेहरा आला की ते एक आकडा फेकतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने मे २०२४ मध्ये अशा सहा मॉडेल्सची चाचणी जाहीर केली. त्याआधीची चाचणी २०१४ ची होती. दहा वर्षांत व्हिसाच्या फोटोंवरची सरासरी चूक ४.३ वर्षांवरून ३.१ वर्षांवर आली. प्रगती आहे, मान्य. पण ‘सरासरी ३.१’ याचा अर्थ काही जणांच्या बाबतीत सहा महिन्यांची चूक आणि काही जणांच्या बाबतीत सात-आठ वर्षांचीही. शिवाय व्हिसाचा फोटो म्हणजे सरळ चेहरा, सपाट प्रकाश, पांढरी पार्श्वभूमी. होस्टेलच्या खोलीत रात्री अकरा वाजता काढलेली सेल्फी तशी नसते. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट नोंदली आहे: बायकांच्या चेहऱ्यांवर चूक जवळजवळ नेहमीच पुरुषांपेक्षा जास्त येते, आणि माणूस जगाच्या कोणत्या भागात जन्मला यानेही फरक पडतो. तुमच्या मुलीचं नशीब वाईट होतं असं नाही. ती ज्या गटात मोडते तिथे ही चूक जास्त होते, आणि हे विकणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

चाचणीच्या टेबलावर हे फार स्पष्ट दिसतं. तोच माणूस, तोच फोन. खिडकीसमोर बसवला की आकडा खाली येतो. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली बसवला की डोळ्यांखाली सावली पडते, नाकाच्या कडेची रेघ गडद होते आणि आकडा वर सरकतो. दोन दिवसांची दाढी ठेवलेला पोरगा आणि सकाळी गुळगुळीत करून आलेला तोच पोरगा, यांच्यात यंत्राला दोन माणसं दिसतात. काही फोनचा पुढचा कॅमेरा न विचारता चेहरा ‘सुंदर’ करतो, त्वचेवरचे बारीक तपशील पुसतो, म्हणजे मॉडेल ज्यावर वय वाचतं तेच नाहीसं होतं. पडद्यावर मात्र दशांश चिन्हासकट ‘१६.८’ असा ठाम आकडा येतो. तो दशांश पाहून कुणीही समजेल की मोजमाप झालं आहे.

कंपन्यांना ही चूक माहीत असते, म्हणून त्या मधे मोकळी पट्टी ठेवतात. ब्रिटनमधल्या दुकानांत ‘चॅलेंज २५’ नावाची जुनी पद्धत आहे. दारू १८ नंतर मिळते, पण गिऱ्हाईक पंचविशीच्या आतलं वाटलं तरी ओळखपत्र मागायचं. चेहरा मोजणाऱ्या यंत्रणेतही हेच करतात: आकडा २५ च्या वर आला तर सोडा, खाली आला तर कागद मागा. लहान मुलं निसटू नयेत म्हणून हे ठीक आहे. पण याचा भार कुणावर पडतो बघा. १९, २०, २२ वर्षांच्या सज्ञान माणसांवर. ‘कागदपत्र लागत नाही, फक्त चेहरा दाखवा’ हे आश्वासन ज्यांना सगळ्यात जास्त हवं, त्यांच्याच बाबतीत ते खोटं ठरतं. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ आणि बिअरसाठी २१ आहे. इथे उद्या असं यंत्र लावलं आणि तेवढीच पट्टी ठेवली, तर तिशी गाठलेल्या माणसालाही आधार काढून दाखवावं लागेल.

आता भाच्याकडे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही. नियम पाळला नाही तर कंपनीला ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे. मुलाला किंवा आईबापांना दंड नाही, त्यामुळे तुमच्या बहिणीने घाबरायचं कारण नाही. तिथल्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे: सरकारी ओळखपत्र हाच एकमेव मार्ग म्हणून कुणावर लादता येत नाही. पण १५ आणि १६ यांच्यात चेहऱ्यावर रेघ कुठे ओढणार? त्या वयात एक मुलगा बाप्या दिसतो आणि त्याच्याच बाकावरचा दुसरा अजून पाचवीतला वाटतो. यंत्राची चूक वर्षांत मोजायची आणि नियमाची रेघ एका दिवसाची, तेव्हा काही मुलं चुकीच्या बाजूला जाणारच. तुमचा भाचा त्यांतला एक.

ऑस्ट्रेलियाने कायदा लागू होण्याआधी या तंत्रांची मोठी चाचणी घेतली आणि तिचा अहवाल २०२५ मध्ये आला. वय तपासणं खासगीपण राखूनही शक्य आहे, असं त्यात म्हटलं आहे. तो भाग बातम्यांत गाजला. माझ्या मते त्यातली सगळ्यात महत्त्वाची नोंद वेगळीच होती: काही कंपन्या, उद्या सरकारी यंत्रणेने चौकशी केली तर दाखवायला असावा म्हणून, गरजेपेक्षा जास्त डेटा साठवायच्या तयारीला लागल्या होत्या. कुणी सांगितलेलं नव्हतं. ही सवय मी इथेही रोज पाहतो. ‘ठेवून द्या, ऑडिटला लागेल’ हे वाक्य कोणत्याही मीटिंगमध्ये ऐकू येतं, आणि ते बोलणारा माणूस वाईट नसतो, घाबरलेला असतो. दंड जितका मोठा, तितकी ही भीती मोठी.

आणि साठवलेलं सांडतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपने जाहीर केलं की त्यांच्यासाठी ग्राहकसेवा पाहणाऱ्या बाहेरच्या पुरवठादाराकडून सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असावेत. ते फोटो तिथे कसे आले, तर वयाबाबतच्या तक्रारी तपासायला. म्हणजे ‘माझं वय चुकीचं ठरवलंत’ असं सांगून ज्यांनी कागद दाखवला, त्यांचेच कागद बाहेर गेले. यंत्राची चूक होती आणि किंमत ज्याच्याबाबत चूक झाली त्याने मोजली. याचा मला मनापासून राग येतो. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनचे ऑनलाइन वय तपासायचे नियम लागू झाले, तेव्हा पोरांनी एका व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा पडद्यावर आणून कॅमेऱ्यासमोर धरला आणि आत गेली. ज्याला फसवायचं होतं तो गेला, जो प्रामाणिक होता त्याचा कागद गेला.

म्हणून ‘हे तंत्र किती अचूक आहे’ या प्रश्नाच्या आधी मी दुसरा प्रश्न विचारतो: माझ्या फोनमधून नेमकं काय बाहेर जातंय? ‘ए’ प्रमाणपत्राच्या सिनेमाला दारावरच्या माणसाला एवढंच हवं असतं की तुम्ही अठरा पूर्ण आहात. त्याला तुमचं नाव, पत्ता, जन्मगाव लागत नाही, आणि तुम्ही कोणता सिनेमा पाहिलात हे त्याने तुमच्या आधार कार्डावर लिहून ठेवायचं काही कारण नाही. वेबसाइटलाही ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर पुरतं. हे आज करता येतं. युरोपियन युनियनने जुलै २०२५ मध्ये याच धर्तीच्या अ‍ॅपचा आराखडा खुला केला आणि डेन्मार्क, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्पेन हे देश त्याच्या चाचणीत उतरले. सरकार किंवा बँक तुमच्या फोनमध्ये ‘१८ पूर्ण’ असा सही केलेला दाखला ठेवते. साइटला तो दाखवला की खरेपणा तपासता येतो, पण तुम्ही कोण ते कळत नाही. फ्रान्समध्ये अश्लील साइटसाठीचे नियम याहून पुढे जातात: वय पटवणाऱ्याला तुम्ही कोणत्या साइटवर चाललात ते कळता कामा नये, आणि साइटला तुम्ही कोण ते कळता कामा नये. दोन्हीकडे पडदा.

चेहऱ्यावरून अंदाज घ्यायचाच असेल तर तो फोनमध्येच घेता येतो. चित्र बाहेर जात नाही, फक्त निकाल जातो. असं करणाऱ्या कंपन्या आहेत. पण अ‍ॅपने तसं लिहिलं आहे की नाही, निकाल दिल्यावर चित्र पुसतात की नाही, आणि निकाल चुकला तर कागद न देता दुसरा रस्ता आहे की नाही, हे तपासल्याशिवाय मी माझ्या घरच्या कुणालाही कॅमेऱ्यासमोर बसू देणार नाही.

आपल्याकडे हे येणार का? वेगळ्या दाराने आलंच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिचा डेटा वापरायचा तर आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला बंदी आहे. मोडलं तर २०० कोटींपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनांना १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे २०२७ च्या मध्यापर्यंत प्रत्येक अ‍ॅपला यावर काहीतरी उभं करावं लागेल. गोवा सरकारनेही ऑस्ट्रेलियासारख्या बंदीचा अभ्यास करत असल्याचं म्हटलं आहे. यात एक अडचण उघड आहे: मूल कोण हे ओळखायचं तर मोठ्यांनाही विचारावं लागतं. नियमांत डिजिलॉकरसारख्या (सरकारी डिजिटल कागदपत्र-पेटी) ठिकाणाहून आलेला टोकन, म्हणजे वयाची खात्री देणारी डिजिटल खूण, चालेल असं म्हटलं आहे, तो रस्ता मला योग्य वाटतो. कारण टोकनमध्ये तेवढंच उत्तर पाठवता येतं. कंपन्यांनी मात्र सोपं म्हणून आधारचा फोटो मागायला सुरुवात केली, तर मँचेस्टरमध्ये तुमच्या मुलीचं झालं ते इथे सगळ्यांचं होईल.

परदेशातली यंत्रणा जशीच्या तशी उचलून इथे लावणाऱ्यांना मी दोन गोष्टी नेहमी दाखवतो. पहिली, कागदावरची तारीख. आमच्याकडे एखाद्या जिल्ह्याची यादी आली की १ जूनला जन्मलेल्यांची रांगच लागते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जी तारीख लावली तीच दाखल्यावर, तीच पॅनवर, तीच आधारवर. कोणताही नवखा इंजिनिअर ती यादी पाहून ‘हा बनावट डेटा आहे’ असं म्हणतो. बनावट काही नसतं, ती माणसं खरी असतात, तारीख सोयीची असते. दुसरी गोष्ट, फोन. घरात एक फोन, दिवसा आईकडे, संध्याकाळी पोरांकडे, रात्री बापाकडे. अ‍ॅपल आणि गूगल आता फोनमधूनच अ‍ॅपला वयाचा गट कळवायची सोय देतात. ज्याचा त्याचा फोन असलेल्या घरात ती उपयोगी आहे, पण एकाच फोनवर चार जण असतील तर ती कुणाचं वय सांगणार?

चेहऱ्यावर सगळी भिस्त ठेवली की काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयासमोरही आलं. प्रज्ञा प्रसून यांनी दाखल केलेल्या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ ला निकाल लागला. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या ज्या लोकांना पापणी मिटता येत नाही, त्यांना ‘डोळे मिचकावा’ म्हणणारं केवायसी बँकेचं दारच बंद करत होतं. समोर जिवंत माणूस आहे, छापील फोटो नाही, हे पटवायला आम्ही लोक ती युक्ती वापरत होतो. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि अशा तपासणीला पर्याय ठेवायला सांगितलं. डोळा न मिटणारा माणूस ज्याने कधी डोळ्यांसमोर आणलाच नाही, त्याने ती युक्ती लिहिली होती. चेहरा वाचणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे ‘साधारण चेहरा असा असतो’ ही कुणाची तरी कल्पना असते.

आता त्या तिसऱ्या कामाबद्दल. तुम्ही विचारलेलं नाही, पण कॅमेरा एकदा दारात बसला की ते काम त्याच्या मागून येतं. इटलीत लोंब्रोसो या डॉक्टरने १८७६ मध्ये गुन्हेगार जन्मतःच चेहऱ्यावरून ओळखता येतो असं मांडलं. आपल्याकडे रिस्ली या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोकांची नाकं मोजून जातींची उतरंड लावली, आणि १९०१ च्या जनगणनेचा तोच आयुक्त होता. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी तर अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांची तारेच्या कुंपणातली वसाहत होती, त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला, पण चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी जाणारी नजर अजून पुसलेली नाही. आणि २०१६ मध्ये चीनमधल्या दोन संशोधकांनी मॉडेलला फोटो दाखवून गुन्हेगार ओळखता येतो असा दावा केला. टीकाकारांनी ते फोटो नीट पाहिले तर गुन्हेगारांचे ओळखपत्रावरचे आणि इतरांचे इंटरनेटवरून घेतलेले, म्हणजे कुणाच्या चेहऱ्यावर हसू आहे आणि कुणाला कॉलर आहे एवढाच फरक मॉडेल शिकलं असण्याची शक्यता होती.

वय आणि स्वभाव यांत फरक आहे, हे मी ठामपणे सांगतो. वय चेहऱ्यावर खुणा सोडतं, स्वभाव सोडत नाही. म्हणून वयाचा अंदाज घेणाऱ्या प्रत्येकाला मी लोंब्रोसोच्या रांगेत बसवणार नाही. पण वयासाठी घेतलेल्या चित्रावर उद्या भावना, तणाव, विश्वासार्हता असली मॉडेल्स चालवायला फार काही लागत नाही, आणि तशा मागण्या आमच्यापर्यंत येतात: ‘कर्ज मागणारा खोटं बोलतोय का, ते चेहऱ्यावरून सांगा.’ मी हे काम घेत नाही. नोकरीच्या मुलाखती तपासणाऱ्या हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीने चेहऱ्याचं विश्लेषण बंद केल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपल्या चेहरा सेवेतून भावना, लिंग, वय ओळखायची सोय काढून घेतली. युरोपियन युनियनने फेब्रुवारी २०२५ पासून नोकरीच्या ठिकाणी आणि शाळेत भावना ओळखणारी यंत्रं, काही मोजके अपवाद सोडून, बंद केली. आपल्या डेटा कायद्यात मात्र चेहऱ्यावरून निष्कर्ष काढण्याला थेट अडवणारं कलम नाही. ते हवं.

मुलीने आता काय करावं? पासपोर्ट दिला यात तिची चूक नाही, तिला तेवढाच रस्ता दाखवला गेला. ब्रिटनच्या डेटा कायद्याखाली ती कंपनीला लिहू शकते: माझ्याबद्दल काय साठवलं आहे, कुणाला दिलं आहे ते कळवा, वय पटलं असेल तर पासपोर्टचा आणि चेहऱ्याचा फोटो पुसा आणि पुसल्याचं लेखी कळवा. कंपनीला साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर आयसीओ या तिथल्या डेटा नियामकाकडे तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. पुढच्या वेळी कुणी वय मागितलं तर आधी पर्यायांची यादी उघडायला सांगा. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकाने चेहरा आणि ओळखपत्राखेरीज क्रेडिट कार्ड, बँकेकडून खात्री आणि मोबाइल कंपनीकडून खात्री हे मार्गही मान्य केले आहेत. तिथे बँक खातं असेलच, तर बँकेचा मार्ग निवडणं उत्तम: बँक ‘१८ पूर्ण’ एवढंच कळवते, पासपोर्ट कुठे जात नाही.

भाच्याचं खातं ठेवायचं की नाही ते त्याच्या आईबापांनी ठरवावं. कंपनी पुढे पुन्हा तपासणी करू शकते आणि खातं अचानक बंद होऊ शकतं, म्हणून त्याचे फोटो आणि संभाषणं सेटिंगमधल्या डाउनलोडच्या सोयीने आजच उतरवून घ्यायला सांगा.